फीट दोन मिनिटांची, दिवस चोवीस तासांचा



कृषी खात्यातला माणूस तुमच्याशी बोलतो तो बहुधा बियाणे, खते आणि कीड-रोग यांविषयी. आज मात्र मी एका अशा दुखण्याविषयी लिहिणार आहे, ज्याचे नाव आपल्या घरांत दार लावून घेतले जाते. कोणी त्याला फेफरे म्हणतात, कोणी मिरगी, कोणी आकडी. आताची मुले सरळ फीट म्हणतात. ज्या घरात असे मूल आहे, त्या घरातल्या आई-वडिलांसाठी हा लेख आहे. ज्या घरात नाही, त्यांनीही वाचावा. कारण असे मूल तुमच्या शेजारी असेल, किंवा तुमच्या मुलाच्या बाकावर बसत असेल.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, एका शेतकऱ्याने मला निरोप धाडला. रब्बी कांद्याची रोपे गादीवाफ्यावर बुडाशी कुजून कोलमडत होती. मी गेलो, वाफे पाहिले, पाणी कुठे साचते ते दाखवले, औषधाची आळवणी सांगितली आणि चहासाठी पडवीत बसलो. चहा घेऊन आली ती चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. तिच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा ताजा व्रण होता.

"हाताला काय झालं, बाळ?" मी विचारले.

तिने वडिलांकडे पाहिले. वडील म्हणाले, "फीट येती साहेब तिला. चुलीपुढं बसली व्हती, तितंच पडली."

"शाळेत कितवीला आहे?"

"नववीत व्हती. औंदा बंद केली. खो-खोत लई हुशार. तालुक्याला खेळून आली. पण तितं मैदानावरच पडली. चार गावचे लोक बघत व्हते. पोरीची जात, साहेब. उद्या लगीन कसं व्हायचं?"

"मग आता घरी काय करते?"

"सैपाक करती. इहिरीवरून पाणी आणती. आईला तेवढाच हातभार."

चहा माझ्या हातातच राहिला. ज्या मैदानावर पडली तर फार तर गुडघा फुटला असता, ते बंद झाले होते. जिथे हात भाजला ती चूल चालू होती. जिथे बुडून मरायची भीती ती विहीरही चालू होती.

मी म्हणालो, "भाऊ, मलाही फीट येत होती." तीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही शेतकऱ्याच्या पडवीत मी हे वाक्य उच्चारले नव्हते. त्या दिवशी उच्चारले. जे त्यांना सांगितले, तेच आज तुम्हाला सांगतो.

विहिरीतला दिवस

माझा जन्म १९७० सालचा, संगमनेर तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावातला. पहिली फीट आली ती १९८२ साली, बाराव्या वर्षी. मला त्यातले काही आठवत नाही. कोणत्याच फीटमधले आठवत नाही. जाग आली तेव्हा तोंडात रक्ताची चव होती आणि भोवती माणसांचे कडे होते. कोणी नाकाशी कांदा धरला होता, कोणी चप्पल. दातखीळ उघडावी म्हणून एका आजोबांनी पळीचा दांडा तोंडात घातला होता. माझा पुढचा अर्धा तुटलेला दात आजही त्याची साक्ष देतो.

मग देवऋषी झाले, अंगारे झाले, मिरच्यांची धुरी झाली. वर्ष त्यात गेले. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पोरे पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत पोहायला शिकत होतो. पाण्यातच मला फीट आली. चुलते काठावर मोटारीचा पाइप बसवत होते, त्यांनी कपड्यांनिशी उडी मारली म्हणून मी वाचलो.

त्या दिवसापासून माझे सगळे बंद झाले. विहीर बंद झाली, ते योग्यच होते. पण शाळाही बंद झाली, जत्रा बंद झाली, भजनात झांजा वाजवणे बंद झाले. पाहुणे आले की मला आतल्या खोलीत बसवत. फक्त एक काम बंद झाले नाही, ते म्हणजे शेतातली खुरपणी. बाजरीत आणि भुईमुगात मी दिवसभर एकटा उन्हात खुरपत असे.

आमच्या शाळेचे विज्ञानाचे गुरुजी एकदा बांधावरून चालले होते. मला पाहून थांबले आणि वडिलांना म्हणाले, "फीट येते म्हणून याला शाळेत पाठवत नाही. मग शेतात फीट येत नाही का? इथे पडला तर बघायला कोण आहे? माझ्या वर्गात चाळीस पोरे आहेत."

वडिलांनी उत्तर दिले नाही. कारण खरे उत्तर त्यांना ठाऊक होते. चाळीस पोरे बघतील, हीच तर भीती होती.

कोळशाच्या रेघा

गुरुजींनीच आम्हाला मोठ्या गावच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी फिनोबार्बिटोनच्या गोळ्या दिल्या, रोज रात्री एक. या औषधाने फीट थांबते हे १९१२ साली जर्मनीतल्या एका डॉक्टरच्या ध्यानात आले होते. म्हणजे माझ्या नाकाशी चप्पल धरली गेली, त्याच्या सत्तर वर्षे आधी हे औषध जगाला माहीत होते. स्वस्तही होते. आमच्या उंबऱ्यापर्यंत तेवढे पोचले नव्हते.

डॉक्टरांनी आईला बजावले, "गोळी एकही दिवस चुकवायची नाही, आणि फीट किती आल्या ते मला सांगायचे." आईला अक्षरओळख नव्हती. तिने चुलीमागच्या भिंतीवर हिशेब मांडला. रोज रात्री गोळी दिली की कोळशाची एक उभी रेघ. फीट आली की चुन्याचा एक ठिपका. महिन्याच्या बाजाराला जाताना ती रेघा आणि ठिपके मोजून जाई आणि डॉक्टरांना आकडा तोंडपाठ सांगे. पहिल्या महिन्यात चार ठिपके होते. सहाव्या महिन्यात एक. त्या काळ्या भिंतीइतके चोख रेकॉर्ड मी आमच्या खात्यातही फार पाहिलेले नाही. तुम्ही आज भिंतीऐवजी कॅलेंडर घ्या, पण हिशेब ठेवा. औषध वाढवायचे, बदलायचे की तसेच ठेवायचे, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.

१९८४ साली मी पुन्हा शाळेत गेलो. गोळीने सकाळी डोळे जड होत, पाठांतर हळू होई. गुरुजींनी माझ्या हातात एक कोरी वही दिली आणि म्हणाले, "तू एवढे तण उपटतोस, तर त्यांची नावे तरी लिहून आण."

तिथून मला तणांचा नाद लागला. हरळी, लव्हाळा, केना, माका, घोळ, पाथरी, आघाडा, टाकळा. एकेक रोप मुळासकट उपटायचे, धुवायचे, जुन्या वर्तमानपत्रात घालून वर पाटा ठेवायचा, आणि आठवड्याने वहीत चिकटवायचे. शेजारी लिहायचे, कोणत्या पिकात सापडले, फूल कधी आले, बी कधी पडले. ज्या मुलाला पोहता येणार नव्हते, झाडावर चढता येणार नव्हते, त्याला जमिनीवर बसून करता येईल असे एक काम मिळाले, आणि ते गावात दुसऱ्या कोणाला येत नव्हते. लोक मला 'फिट्या' म्हणत असत, ते हळूहळू 'तणवाला' म्हणू लागले. एवढ्याशा बदलाने पोराची मान किती वर येते, ते ज्याचे तोच जाणे.

एक चूक, जी तुमच्या मुलाने करू नये

१९८९ साली बारावी होऊन मी कृषी महाविद्यालयात गेलो आणि वसतिगृहात मोठी चूक केली. खोलीतल्या मित्रांपासून आजार लपवला. गोळ्या लाडवांच्या डब्याच्या तळाशी ठेवायचो. तिसऱ्या वर्षी अभ्याससहल निघाली. डबा नेता येणार नव्हता आणि मित्रांसमोर गोळी घ्यायची लाज वाटत होती. म्हणून तीन दिवस गोळी घेतली नाही. त्यात आगगाडीतले रात्रभराचे जागरण. पहाटे एका स्टेशनच्या फलाटावर मी कोसळलो, रुळांपासून दोन हातांवर.

सुदैवाने आत पडलो नाही. शुद्धीवर आल्यावर मी सगळ्यांना सगळे सांगितले. वाटले होते, आता कोणी खोलीत राहू देणार नाही. झाले उलटेच. माझा खोलीमित्र चिडला, पण तो आजारावर नव्हे. म्हणाला, "आधी सांगितलं असतंस, तर रात्री तुला झोपू तरी दिलं असतं." पुढची दोन वर्षे रात्री दहाला तोच मला गोळीची आठवण करी. ज्या दोन-तीन फीट आल्या, त्या त्यानेच घड्याळ लावून मोजल्या.

त्याच वर्षी, म्हणजे १९९२ च्या मार्चमध्ये, आम्ही वसतिगृहाच्या टीव्हीवर विश्वचषकाचे क्रिकेट पाहत होतो. दक्षिण आफ्रिकेच्या जाँटी ऱ्होड्सने चेंडू हातात घेऊन यष्ट्यांवर अंग झोकून दिले आणि पाकिस्तानच्या इंझमामला धावबाद केले. आम्ही सगळे उठून नाचलो. त्या ऱ्होड्सलाही फेफऱ्याचा विकार आहे, हे मला फार उशिरा कळले. इंग्लंडचा उंचपुरा टोनी ग्रेग १९७६-७७ साली आपल्याकडे कप्तान म्हणून येऊन मालिका जिंकून गेला, त्यालाही तो होता. ग्रेगचा खेळ आमच्या घरात आकाशवाणीवर ऐकला होता. तेव्हा कोणी सांगितले असते, तर वडिलांनी मला पाहुण्यांपासून कदाचित लपवले नसते.

हा आजार आहे तरी काय

आपला मेंदू अगदी सूक्ष्म विजेच्या संदेशांवर चालतो. काही क्षण हे संदेश एकदम आणि बेशिस्त सुटले, की फीट येते. भूतबाधा नाही, पूर्वजन्मीचे पाप नाही, आणि हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने किंवा लाळेने पसरत नाही. चरकसंहितेतही अपस्मार हा रोग म्हणूनच सांगितला आहे. 'भूत काढतो' म्हणून कोणी मुलाला मारहाण करत असेल, चटके देत असेल, तर महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा विकार आहे. वेळेवर निदान आणि नियमित औषध मिळाले, तर दहापैकी सात जणांच्या फीट थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रत्येक फीटमध्ये माणूस पडतोच असेही नाही. काही मुले वर्गात फळ्याकडे पाहता पाहता काही सेकंद कोरी होतात, हाक ऐकत नाहीत, मग जणू काही झालेच नाही अशी पुढे लिहू लागतात. गुरुजी म्हणतात, लक्ष नाही. असे वारंवार होत असेल, तर छडी न उगारता डॉक्टरांना दाखवावे.

कारणे अनेक आहेत. बाळंतपणात अडून बाळ गुदमरणे, डोक्याला मार लागणे, मेंदूज्वर. पुष्कळदा कारण सापडतही नाही. पण एक कारण आपल्या शेताशी निगडित आहे. डुकराच्या मांसातून माणसाच्या पोटात पट्टकृमी होतो. त्या माणसाच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात आणि उघड्यावरच्या घाणीतून, सांडपाण्यातून भाजीवर आणि हातांवर येतात. ती पोटात गेली, तर त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन गाठी करतात आणि फीट येऊ लागतात. कधी मांस न खाल्लेल्या माळकऱ्यालाही हे होऊ शकते. म्हणून गटाराचे पाणी भाजीला देऊ नका. कोथिंबीर, मुळा, गाजर कच्चे खाण्याआधी भरपूर पाण्यात चोळून धुवा. शौचालय वापरा, हात धुवा, डुकरे मोकाट सोडू नका.

बंदी कशावर, मोकळीक कशाला

आता मुख्य मुद्दा. मुलाला फीट येते म्हटल्यावर काही बंधने लागतातच. पण बंधन घालताना स्वतःला एकच प्रश्न विचारा, 'इथे फीट आली तर जिवाला धोका आहे, की फक्त लोक बघतील एवढेच आहे?'

जिथे धोका आहे तिथे कडक राहा. एकट्याने विहीर, शेततळे, कालवा नको. पोहायचे झाले तर डॉक्टरांना विचारून, आणि जवळ सतत लक्ष ठेवणारा, पट्टीचा पोहणारा मोठा माणूस असेल तरच. मळणी यंत्र, कडबाकुट्टी, ट्रॅक्टर, मोटारसायकल नको. झाडावर, माळ्यावर चढणे नको. उघड्या चुलीपुढे एकटे बसवू नका. न्हाणीघराला आतून कडी नको, आंघोळ बादलीतल्या पाण्याने. मी आजही वाहन चालवत नाही. तीस वर्षे एस.टी.ने, चालत आणि सहकाऱ्यांच्या मागे बसून फिरलो. माझे कोणतेही काम त्यावाचून अडले नाही.

आणि जिथे फक्त लोक बघतात, तिथे मोकळीक द्या. शाळा, खो-खो, लेझीम, भजन, तबला, चित्रकला, शिवणकाम, वाचनालय, विज्ञान प्रदर्शन. गोळी वेळेवर आणि झोप पुरेशी, एवढे सांभाळले तर यातले बहुतेक सगळे करता येते. रात्रभर जागरणाचा कार्यक्रम मात्र टाळावा. उपासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये.

फीट थांबल्या म्हणून आपल्या मनाने औषध बंद करू नका. लव्हाळा वरून खुरपला की रान स्वच्छ दिसते, पण जमिनीत गाठ असते तोवर तो पुन्हा उगवतो. साधारणपणे निदान दोन वर्षे एकही फीट आली नाही, तरच डॉक्टर औषध कमी करण्याचा विचार करतात, आणि तेही हळूहळू. मुलगी असेल तर पुढे लग्न व बाळंतपण आहे हे डॉक्टरांना आधीच सांगा. काही औषधे गर्भाला घातक असतात, ती वेळेवर बदलता येतात.

समोर फीट आली तर

घाबरू नका. घड्याळ पाहा. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, गळ्याजवळचे कपडे सैल करा, जवळचे दगड, विळा, विस्तव दूर करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा, चप्पल, किल्ली यांनी फीट थांबत नाही. ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, म्हणून त्यांचा उपयोग झाला असे आपल्याला वाटते. पाच मिनिटांच्या पुढे गेली, लागोपाठ दुसरी आली, पाण्यात आली, किंवा आयुष्यातली पहिलीच असेल, तर १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून तिथून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जाता येते. शाळांत व अंगणवाड्यांत मुलांना तपासायला आरोग्य पथक येते. त्यांच्यापासून मुलाला लपवू नका, उलट पुढे करा.

लग्नाचे कसे?

त्या पडवीत वडिलांचा खरा प्रश्न हाच होता. मी त्यांना माझे सांगितले. माझी शेवटची फीट १९९६ सालची, लग्न १९९७ सालचे. त्या वेळी हिंदू विवाह कायद्यातच लिहिलेले होते, की वारंवार फेफरे येणाऱ्याचे लग्न दुसऱ्या पक्षाला कोर्टातून रद्द करून मागता येते. १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढला गेला. आज फेफऱ्याचा रोगी कोणाशीही कायदेशीर लग्न करू शकतो. पण कायदा कसाही असो, मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा वडिलांच्या डोळ्यांनी दटावण्याला न जुमानता सर्वांसमोर सांगून टाकले. बैठकीत शांतता पसरली. मुलीने एकच विचारले, "गोळी किती वाजता घेता?" ती आज माझी पत्नी आहे. रात्री दहाला पाण्याचा तांब्या अजून तीच पुढे करते. याआधी दोन घरांतून नकार आले होते, तेही सांगतो. ज्यांना नको होते, ते आधीच बाजूला झाले, हे बरेच झाले.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते तुम्हाला ऐकायचे असेल. त्या दिवशी वडील काहीच बोलले नाहीत. आठवड्याने फोन आला, "साहेब, कांदा सावरला. आन् जिल्ह्याच्या दवाखान्यात कधी येऊ?" मी त्यांच्याबरोबर गेलो. मेंदूचा आलेख काढला, गोळी सुरू झाली. स्वयंपाक आता गॅसवर, मोठी बहीण किंवा आई जवळ असतानाच. पाणी भाऊ आणतो. जूनमध्ये तिला पुन्हा नववीत बसवले. वर्गाला फीटविषयी काय सांगायचे, ते तिनेच ठरवले आणि तिनेच उभे राहून सांगितले.

फीट पूर्ण थांबल्या असे नाही. सप्टेंबरमध्ये खो-खोच्या सरावात एक आली. तिच्या संघातल्या मुलींनी तिला कुशीवर वळवले, एकीने घड्याळ पाहिले, एक मिनीट पन्नास सेकंद. अर्धा तास सावलीत झोपवले. मग दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मैदानावर आली.

वडिलांनी मला हे फोनवर सांगितले. मी विचारले, "लोक काय म्हणाले?"

"लोक व्हते ना बघायला," ते म्हणाले. "म्हणून तर लेकराला काही झालं नाही."